रोजचे अडथळे वाट दाखवतात, हे ओळखायचे कसे?

वळणवाट (प्रश्न)

नमस्कार. गेले काही आठवडे एक प्रश्न मनात घोळतो आहे. घरात या विषयावर बोलायला गेले की दोनच उत्तरे मिळतात, म्हणून तो इथे मांडते. माझी मोठी बहीण म्हणते की जे अडते ते भल्यासाठीच अडते. माझे यजमान म्हणतात की अडथळा हा अडथळाच असतो, त्याला अर्थ चिकटवत बसण्यापेक्षा तो दूर करून पुढे जावे. मला दोन्ही उत्तरे पुरती पटत नाहीत आणि दोन्ही पुरती खोटीही वाटत नाहीत.

घडले ते असे. मी एका कार्यालयात दर महिन्याच्या खर्चाचा गोषवारा तयार करते. मागच्या महिन्यात तो सादर करायच्या आदल्या संध्याकाळी संगणकावरची फाइल काही केल्या उघडेना. शेवटी मूळ पावत्या समोर घेऊन सगळे आकडे नव्याने भरायला बसले. रात्री साडेदहाच्या सुमारास एका रकान्याची बेरीज जुळेना, आणि तासभर शोधल्यावर लक्षात आले की एका विभागाचा प्रवासखर्च दोनदा धरला जात होता. जुने कागद काढून पाहिले, तर ही चूक तीन महिन्यांपासून होत आली होती. फाइल नीट उघडली असती, तर मी नेहमीप्रमाणे फक्त नवे आकडे भरले असते आणि ती चूक चौथ्या महिन्यातही तशीच पुढे गेली असती. त्या रात्री मला खरोखर असे वाटले की कोणीतरी माझा हात धरून मला थांबवले.

दुसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. वरच्या पदासाठी लागणाऱ्या एका व्यवस्थापन प्रशिक्षणासाठी मी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा तो परत आला. बहीण म्हणते, दोनदा परत आला याचा अर्थ ती वाट तुझी नाही. माझे वरिष्ठ म्हणतात, तिसऱ्यांदा अर्ज करा, अशाच वेळी चिकाटी लागते. एकाच घटनेत एकीला ‘थांब’ असे दिसते आणि दुसऱ्यांना ‘जोर लाव’ असे दिसते. मग त्या घटनेत खरोखर काही लिहिलेले असते की वाचणारा आपल्या मनातले तिच्यावर लिहितो? रोजच्या अडचणींतला मार्गदर्शक कोणता आणि नुसता खोळंबा कोणता, हे ओळखण्याची काही रीत तुमच्यापैकी कोणाला सापडली आहे का?

टाकादोरा

मी गेली बावीस वर्षे शिवणकाम शिकवते, त्यामुळे माझे उत्तर शिलाई मशीनपासूनच सुरू होईल. नव्याने शिकणाऱ्यांची पहिल्या आठवड्यातली मोठी तक्रार म्हणजे वरचा दोरा तुटणे. पाचसहा टाके पडतात, दोरा तुटतो, मुलगी तो पुन्हा ओवते, पुन्हा पाचसहा टाके पडतात आणि पुन्हा तुटतो. मी मुद्दाम लगेच जवळ जात नाही. चौथ्यांदा तुटला की जाऊन विचारते, ‘तुटलेले टोक कसे आहे?’ बहुतेकींना ते सांगता येत नाही, कारण ते टोक त्यांनी पाहिलेलेच नसते. दोरा तुटल्याचा राग आलेला असतो आणि हात आपोआप रिळाकडे गेलेला असतो.

मग ते टोक बोटांत धरून उजेडात पाहायला लावते. टोक पिंजलेले असेल, तंतू सुटून विस्कटलेले असतील, तर दोरा कुठेतरी घासतो आहे. सुईच्या नेढ्याला खरखर आली असेल किंवा दोऱ्याच्या मानाने सुई बारीक असेल. टोक कापल्यासारखे स्वच्छ असेल, तर बहुधा वरचा ताण जास्त झालेला असतो. सुईची चपटी बाजू उलट बसली असेल, तर आधी टाकेच सुटू लागतात. म्हणजे ज्या दोऱ्याचा राग येतो, तोच काय बिघडले आहे ते सांगत असतो. पण तो ते तुटलेल्या टोकात सांगतो आणि आपण नजर लावून बसतो पुढच्या शिवणीवर.

याच धाग्यावरून एक मोठी गोष्ट सांगते, कारण ती मला फार मोलाची वाटते. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी असे माग बनवले की दोरा तुटला की माग आपोआप थांबत असे. १९२४ साली त्यांनी पूर्णत्वाला नेलेला स्वयंचलित माग विशेष गाजला. वरवर पाहता थांबणारा माग म्हणजे उत्पादनाचा तोटा. परंतु दोरा तुटूनही माग चालतच राहिला, तर गजच्या गज सदोष कापड विणले जाते आणि दोष कुठे सुरू झाला तेही नंतर सापडत नाही. माग स्वतःहून थांबू लागला, तेव्हा एकच माणूस अनेक माग सांभाळू शकला, कारण लक्ष कुठे द्यायचे ते थांबलेला मागच सांगत होता. त्याच घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात पुढे हाच विचार माणसांपर्यंत पोचला: काही चुकते आहे असे दिसले की साध्या कामगारानेही दोरी ओढून मदतीला हाक मारावी आणि तेवढ्या वेळात अडचण सुटली नाही तर कामाची रांग थांबावी. तिथलेच अभियंते ताइची ओनो यांनी एका अडचणीला पाच वेळा ‘का’ विचारण्याची पद्धत रूढ केली. पाच हा आकडा मी फार मनावर घेत नाही. माझ्या अनुभवात तिसऱ्या ‘का’पाशीच बहुतेक वेळा खरे कारण दिसू लागते, आणि नेमके तिथेच माणसाला थांबावेसे वाटते, कारण तिथून पुढे उत्तरात स्वतःचे नाव येऊ लागते.

तेव्हा माझी रीत अशी की अडथळ्याला ‘तू कशासाठी आलास’ असे विचारू नये, ‘तू नेमका कुठे आलास’ असे विचारावे. एकाच जागी दुसऱ्यांदा अडले, तर ती जागा बोलते आहे असे मी धरून चालते. तुमच्या फाइलबद्दल तुम्ही बारकाईने लिहिले आहे, पण अर्जाबद्दल एक गोष्ट राहून गेली आहे असे वाटते. अर्ज परत आला, तेव्हा त्यावर काही शेरा होता का? दोन्ही वेळा तोच होता की वेगळा? ते तुटलेले टोक तुम्ही अजून हातात घेऊन पाहिलेले दिसत नाही.

तोलकाटा

टाकादोरा यांचे म्हणणे मला पटते, तरीही एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक वाटते. अडथळ्यात मार्गदर्शन पाहण्याची सवय लागली की ते जिथे नाही तिथेही दिसू लागते, आणि मागे वळून पाहताना तर ते हमखास दिसते. मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या ब्रिटिश आणि गुरखा यांच्यातील संघर्षाचे वर्णन त्यांनी लोकांना वाचायला दिले. वेगवेगळ्या गटांना शेवट वेगवेगळे सांगितले आणि मग विचारले की ही हकीकत वाचून कोणता शेवट संभवनीय वाटला असता. ज्या गटाला जो शेवट सांगितला होता, त्या गटाला तोच आधीपासून अधिक संभवनीय वाटला. निकाल कळल्यावर मन आधीच्या घटनांची अशी नवी जुळणी करते की सगळे काही त्या निकालाकडेच चालले होते असे भासते. ज्या दिवशी फाइल उघडली नाही आणि नुसते जागरण झाले, हाती काहीच लागले नाही, असे दिवसही आपल्या आयुष्यात येऊन गेलेले असतात; त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून ते मोजले जात नाहीत.

मात्र अडथळा उपयोगी पडतो का, हे खरोखर मोजून पाहण्याची एक संधी एकदा मिळाली होती, आणि ते उदाहरण मला दोन्ही बाजूंनी बोलके वाटते. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा दोन दिवसांचा संप झाला आणि अनेक स्थानके बंद राहिली. रोज ठरलेल्या मार्गाने कामावर जाणाऱ्या असंख्य लोकांना दुसरा मार्ग शोधावा लागला. काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या तिकीट-कार्डांच्या नोंदी तपासल्या आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. संप मिटल्यावर बहुतेक लोक आपल्या जुन्या मार्गावर परतले, परंतु सुमारे ५ टक्के प्रवासी परतलेच नाहीत. नाइलाजाने घेतलेला मार्गच त्यांना अधिक सोयीचा वाटला. विशेष म्हणजे स्थानकांच्या प्रसिद्ध नकाशात जिथे अंतरे वास्तवापेक्षा अधिक विपर्यस्त दाखवली आहेत, त्या भागांत नवा मार्ग सापडण्याचे प्रमाण जास्त होते. ही माणसे वर्षानुवर्षे नकाशावर विसंबून चालत होती, आणि नकाशा चुकवतो आहे हे त्यांना मार्ग बंद झाल्यावरच कळले.

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक तर अडथळ्याने खरोखर वाट दाखवली, ही कल्पनाविलासाची गोष्ट नाही. दुसरी अशी की वीसांपैकी एकालाच दाखवली. उरलेल्या एकोणीसांसाठी तो खोळंबाच होता, त्यांचा जुना मार्ग ठीकच होता, आणि तिथे परत जाण्यात त्यांची काही चूक झाली नाही. म्हणून प्रत्येक अडचणीसाठी आयुष्य वळवायला निघू नये. वळणवाट, तुमची चूक फाइलने दाखवली नाही. ती दिसली, कारण तुम्हाला मूळ पावत्यांपाशी परत जावे लागले. हे कळले तर पुढच्या खेपेला फाइल बिघडण्याची वाट पाहावी लागणार नाही. दर तीन महिन्यांनी एकदा मुळापासून बेरीज करता येईल. माझ्या मते अडथळ्याचा खरा उपयोग तोच, की त्याने जे करायला भाग पाडले ते आपण पुढे आपणहून करावे.

सांधेपाल

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. ‘थांब’ आणि ‘जोर लाव’ यांतला निवाडा हे माझे रोजचेच काम आहे, म्हणून त्या प्रश्नावर थोडे लिहितो.

वेदना हा शरीराला होणारा सर्वांत जुना अडथळा आणि तिच्याशिवाय काय होते, हे कुष्ठरोगाच्या इतिहासातून दिसते. रुग्णांची बोटे झडतात ती रोगच खातो म्हणून, असा समज दीर्घकाळ होता. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ पासून वेल्लोर येथे काम करताना दाखवून दिले की बहुतांश हानी रोगाने थेट होत नाही. रोगाने संवेदना जाते आणि संवेदना गेल्यामुळे जखमांवर जखमा होत राहतात. चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबतो. ज्याला तो बोचतच नाही, तो दिवसभर त्याच पावलावर चालतो. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे संवेदना गेलेल्या रुग्णांसाठी इशारा देणारी कृत्रिम यंत्रणा बनवण्याचा प्रयत्न केला. ती टिकली नाही, आणि त्याचे एक कारण मला फार विचार करायला लावते: इशारा बंद करता येत असेल, तर हातातले काम पुरे करण्यासाठी माणूस तो बंद करतो.

आता दुसरी बाजू. अडथळाच काढून घेतला तर शरीर झिजते. अंतराळात वजन पेलावे लागत नाही, त्यामुळे पुरेसा व्यायाम नसेल तर कंबर आणि मांड्यांच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते. ज्या भाराला आपण अडचण समजतो, त्याच भारावर हाड टिकून असते.

मग रुग्णाला काय सांगायचे? माझ्याकडे गुडघ्याचा व्यायाम करणारी व्यक्ती ‘दुखते’ म्हणाली की मी तीन प्रश्न विचारतो. कुठे दुखते, कधी दुखते आणि दुसऱ्या दिवशी काय होते? स्नायूत पसरलेले, व्यायामानंतर एकदोन दिवसांनी वाढून आपोआप ओसरणारे दुखणे असेल, तर ते ताकद वाढताना होणारे दुखणे आहे, त्याला घाबरून थांबायचे नाही. सांध्यात एका बिंदूवर, तीक्ष्ण, हालचाल करतानाच उठणारे आणि दर वेळी आधीच्यापेक्षा लवकर सुरू होणारे दुखणे असेल, तर थांबायचे आणि तपासायचे. दोन्हींना आपण ‘दुखणे’ हा एकच शब्द वापरतो, म्हणून गोंधळ होतो.

आयुष्यातल्या अडथळ्यांनाही मी हेच प्रश्न लावतो. अडथळा ओलांडल्यावर पुढच्या खेपेला तोच थोडा सोपा झाला, तर ती वाट आपल्याला घडवते आहे. तोच अडथळा दर वेळी अधिक लवकर आणि अधिक जोराने अडवू लागला, तर चिकाटी वाढवण्याआधी आपली चाल तपासावी. हा नियम अचूक नाही, पण निदान ‘चिकाटी’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपत नाहीत.

मौनराग

या चर्चेत एक मर्यादा कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी, म्हणून लिहिते. माझ्या आईच्या दीर्घ आजारपणात भेटायला येणाऱ्या अनेकांनी मला सांगितले की यातून काहीतरी शिकायचे असेल म्हणूनच हे तुमच्या वाट्याला आले. सगळे प्रेमाने बोलत होते. तरी त्या प्रत्येक वाक्यानंतर मला अधिक एकटे वाटले, कारण त्या क्षणी मी जे सोसत होते त्याचा जणू मला हिशेब द्यायचा होता.

फाइल न उघडणे, गाडी चुकणे, अर्ज परत येणे या अडचणी आहेत. मृत्यू, गंभीर आजार, अन्याय यांना मराठीत आपण अडथळा म्हणत नाही, संकट किंवा दुःख म्हणतो, आणि भाषेने केलेला हा भेद मला योग्य वाटतो. आईच्या आजारपणातून मी काही शिकले का? शिकले. रुग्णाच्या खोलीत न बोलता बसता येते, हे शिकले. पण ते माझे मला, फार उशिरा सापडले. बाहेरून कोणी ते माझ्या हातात ठेवले असते, तर मी ते घेतले नसते. स्वतःच्या अडथळ्याचा अर्थ प्रत्येकाने जरूर शोधावा, दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ मात्र कृपा करून सांगू नये.

पाटीपेन्सिल

मौनराग, तुमचे म्हणणे मनाला भिडले. मी शब्दांच्या त्याच वाटेने थोडे पुढे जातो, कारण भाषा शिकवणे हा माझा पेशा आहे.

अडथळ्याला आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, अडसर. कामात अडसर आला, असे आपण सहज म्हणतो. पण अडसर म्हणजे मुळात जुन्या दारांना लावायचे आडवे लाकूड. रात्री दार ओढून घेतल्यावर ते दोन्ही बाजूंच्या खाचांत सरकवायचे, म्हणजे बाहेरून कितीही धक्के मारले तरी दार उघडत नाही. लहानपणी एका जुन्या घरात मी तो हाताळला आहे. माझ्या दंडापेक्षा जाड होता, आणि वर्षानुवर्षे हात लागून मधला भाग गुळगुळीत झाला होता. बाहेरच्या माणसासाठी तो अडथळा, आतल्या माणसासाठी ते रक्षण. आणि अडसर कधीही बाहेरून लावता येत नाही. वारंवार अडणाऱ्या कामाबद्दल विचार करताना मी स्वतःला विचारतो की हा अडसर लावला कोणी. पुष्कळदा उत्तर असे येते की कधीतरी, काही कारणाने, मीच आतून लावला होता आणि आता बाहेर उभा राहून धक्के मारतो आहे.

शिकण्याच्या बाबतीत सांगायचे, तर अडखळणे किती उपयोगी असते हे शिक्षकालाही सहजी पटत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र आठवण्याची खटपट केलेले पुढे गेले. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, कुठेच अडत नाही, म्हणून ‘येते’ असा भास होतो. आठवताना अडते, आणि जिथे अडते तिथेच काय येत नाही ते कळते. रॉबर्ट ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी अशा अडचणींना ‘इष्ट अडचणी’ म्हटले आहे, आणि त्यांचे म्हणणे असेही आहे की विद्यार्थ्याकडे ती अडचण पेलण्यापुरते ज्ञान नसेल, तर तीच अनिष्ट ठरते. माझ्या वर्गात मी अलीकडे एक बदल केला आहे. मूल फळ्यापाशी अडखळले की पूर्वी मी लगेच पुढचा शब्द सुचवत असे. आता मनातल्या मनात दहा अंक मोजतो. ते दहा अंक मला फार जड जातात, पण सातव्या-आठव्या अंकाला अनेकदा मुलाला तो शब्द स्वतःहून सापडतो.

वळणवाट

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मौनराग, तुमचे उत्तर मी बहिणीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि नंतर म्हणाली की तिने हे मलाही असेच सांगितले होते, आमचे वडील गेले तेव्हा.

तोलकाटा यांच्या सूचनेप्रमाणे दर तीन महिन्यांनी मूळ पावत्यांवरून बेरीज करण्याचे आमच्या विभागाने मान्य केले आहे.

आता टाकादोरा यांच्या प्रश्नाचे उत्तर. काल दोन्ही परत आलेले अर्ज शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या अर्जावर शेरा होता, ‘अनुभवाचा दाखला जोडलेला नाही, प्रशिक्षणाचा हेतू स्पष्ट करावा.’ दाखल्याचा भाग मी वाचला होता, दुसऱ्या वेळी दाखला जोडलाही होता, आणि हेतूच्या रकान्यात पहिल्या अर्जातलेच वाक्य तसेच्या तसे उतरवले होते. दुसऱ्या अर्जावर एवढेच आहे: ‘हेतू स्पष्ट नाही.’ म्हणजे दोरा दोन्ही वेळा एकाच जागी तुटला होता आणि मी फक्त पुन्हा ओवला होता.

म्हणून संध्याकाळी कोरा कागद घेऊन बसले आणि हे प्रशिक्षण मला का हवे आहे, ते तीन ओळींत लिहायचे ठरवले. पहिल्या प्रयत्नात जे लिहिले, ते माझ्या वरिष्ठांचे शब्द होते. ते खोडून पुन्हा लिहिले, तर त्यात पद होते, वेतनवाढ होती, पण माणसे सांभाळण्याचे काम, ज्यासाठी ते प्रशिक्षण आहे, त्याबद्दल एक शब्दही नव्हता. ज्या रात्री बेरीज जुळत नव्हती, त्या रात्री मी तहानभूक विसरून ती चूक शोधत होते, हे मात्र लिहिता लिहिता आठवले. पाटीपेन्सिल यांचे अडसराबद्दलचे लिहिणे आज सकाळी वाचले आणि तो कागद पुन्हा काढला.

अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. त्या तीन ओळी अजून लिहून झालेल्या नाहीत. वरिष्ठांना मी कळवले आहे की या खेपेला अर्ज करायचा की नाही ते मी पुढच्या सोमवारी सांगेन, आणि लेखापरीक्षणाच्या कामात जाण्यासाठी काय लागते याचीही त्यांच्याकडे चौकशी केली आहे.